गडद काळा आणि झाक नसलेला राखाडी : इंकजेट प्रोफाइल कोणत्या क्रमाने बनवावं

दरवर्षी संक्रांतीनंतर माझ्याकडे एकाच प्रकारचे बिघडलेले प्रिंट येतात. नव्या सुनेची काळी चंद्रकला आणि अंगावर हलव्याचे पांढरे दागिने. स्क्रीनवर साडीची निरी न् निरी मोजता येते. कागदावर मात्र साडीचा सपाट काळा ठोकळा झालेला असतो आणि हलव्याच्या दाण्यांच्या सावलीवर हिरवट झाक चढलेली असते. छापणाऱ्याने तोवर प्रोफाइल (कोणता आकडा पाठवला की कागदावर कोणता रंग पडतो, हे संगणकाला सांगणारी फाइल) तीनदा नव्याने बनवलेलं असतं आणि तिन्ही वेळा निकाल तोच आलेला असतो.

कारण बिघाड प्रोफाइल बनवण्याच्या आधीच झालेला असतो. या कागदावर, या सेटिंगला, ही इंक किती गडद जाते आणि कुठल्या रंगाकडे झुकते, एवढीच नोंद प्रोफाइल घेतं. कागदावर कमी पडलेला काळा त्याला वाढवता येत नाही. दुसरी अडचण अशी की प्रिंटरचा सर्वांत गडद काळा क्वचितच बिनझाकेचा असतो. तो थोडा निळा, थोडा तांबूस किंवा हिरवा असतोच. त्याला हट्टाने न्यूट्रल, म्हणजे बिनझाकेचा, करायला गेलात तर गडदपणा जातो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या टप्प्याला द्या.

लागणारं सामान थोडंच आहे: स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेला रंग आकड्यांत मोजणारं यंत्र; विकत घेणं परवडत नसेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा), दहापट भिंग, खोलीत टांगायचा आर्द्रतामापक, आणि ज्या कागदाचं प्रोफाइल करायचं त्याच पाकिटातले किमान पंधरा कागद.

टप्पा १ : किती काळा मिळू शकतो ते आधी जाणून घ्या

मोजणी लॅब पद्धतीत होते. त्यातलं एल मूल्य उजेड सांगतं: शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. ए मूल्य हिरवा ते लाल आणि बी मूल्य निळा ते पिवळा अशी झाक सांगतं. ए आणि बी शून्याजवळ असले की राखाडी बिनझाकेचा.

चांगल्या ग्लॉसी किंवा लस्टर कागदावर काळ्याचं एल ३ ते ५ पर्यंत उतरतं. मॅट आणि कॉटन रॅग कागदावर ते १४ ते १८ च्या आसपास थांबतं. घनतेच्या (आकडा जितका मोठा तितकं गडद) भाषेत सांगायचं तर एल ४ म्हणजे साधारण २.३५ आणि एल १६ म्हणजे साधारण १.७. मॅट कागदावर एल १६ आला तर तो दोष समजू नका, कागदाची मर्यादाच ती आहे. ग्लॉसीवर १२ आला तर मात्र थांबा, काहीतरी नक्की चुकलंय.

एक गोष्ट लक्षात असू द्या. हे यंत्र ४५ अंशांतून प्रकाश टाकून सरळ वरून वाचतं, त्यामुळे पृष्ठभागाची चमक त्याला दिसत नाही. ग्लॉसीवरचा एल ४ ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाखाली डोळ्यांना तेवढा गडद वाटणार नाही. प्रिंट थोडा तिरपा धरून चमक टाळा आणि मगच मत बनवा.

टप्पा २ : खोली, कागद आणि नोझल

नागपुरात हा टप्पा वगळणं म्हणजे पुढचं सगळं पाण्यात. बरेच प्रिंटर १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेसाठी बनवलेले असतात. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद खोलीचं तापमान ३५ च्या वर सहज जातं आणि दुपारची कोरडी हवा नोझलच्या, म्हणजे इंक फवारणाऱ्या छिद्रांच्या, तोंडाशीच इंक वाळवते. यावर उपाय म्हणून लोक कूलर लावतात. मग ओल्या ताट्यांतून येणारी दमट हवा थेट कागदाच्या गठ्ठ्यावर जाते, कागद फुगतो, कडा वर उचलतात आणि हेड त्यांना घासतं. सकाळी बिनकूलरने छापलेला चार्ट (प्रोफाइलसाठी मोजायच्या रंगीत चौकोनांचं पान) आणि दुपारी कूलरसमोर छापलेला फोटो हे दोन वेगवेगळ्या कागदांवरचे प्रिंट समजा.

एसी असेल तर उत्तमच. नसेल तर उन्हाळ्यात चार्ट सकाळी लवकर छापा आणि कूलरचं तोंड प्रिंटरकडून वळवा. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असावी. पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका. लागतील तेवढे कागद काढा, त्याच खोलीत दोन-तीन तास पसरून ठेवा, बाकीचे पिशवीत घट्ट बंद करा.

नंतर नोझल चेक. भिंगातून बघा, नुसत्या डोळ्यांनी नको. एप्सनच्या एल८०५, एल१८०० सारख्या सहा इंकच्या प्रिंटरमध्ये राखाडी इंक नसते. तिथे राखाडी रंग हा फिका सायन, फिका मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांच्या मेळातून तयार होतो. यातल्या एकाच्या काही नोझल बंद असल्या तरी मेळ फिसकटतो. फिका मॅजेंटा कमी पडला की राखाडी हिरवट होतो, फिका सायन कमी पडला की तांबूस, पिवळा कमी पडला की निळसर. पी९०० किंवा प्रो-१००० सारख्या प्रिंटरमध्ये राखाडीच्या दोन इंक असतात, म्हणून ते तुलनेने स्थिर राहतात. तरी तपासणी त्यांचीही करायचीच.

> सावधान: हेड क्लीनिंग केल्यावर लगेच चार्ट छापू नका. आधी सगळे रंग असलेली दोन पूर्ण पानं छापा, पुन्हा नोझल चेक घ्या, मगच पुढे जा. आणि प्रोफाइलच्या मधोमध इंकची बाटली बदलू नका, विशेषतः बाजारातली सुटी इंक असेल तर. एका लॉटची काळी दुसऱ्या लॉटसारखीच निघेल याची हमी नसते.

टप्पा ३ : मीडिया सेटिंग निवडणं

काळा इथेच घडतो. ड्रायव्हरमधलं मीडिया सेटिंग हे कागदाचं नुसतं नाव नसतं. कोणती काळी इंक वापरायची, एकूण इंक किती ओतायची, काळी इंक कुठून सुरू करायची, हे सगळं त्या एका निवडीत ठरतं. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या प्रिंटपैकी बहुतेकांत चूक इथेच सापडली.

पिगमेंट (रंगकणांची इंक वापरणाऱ्या) प्रिंटरमध्ये फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक अशा दोन काळ्या इंक असतात. मॅट कागदासाठी चुकून ग्लॉसी सेटिंग घेतलं की फोटो ब्लॅक पडते आणि काळा फिका, धुरकट राहतो. उलट ग्लॉसी कागदावर मॅट ब्लॅक पडली तर ती पृष्ठभागावरच बसते आणि बोट लावलं की पुसली जाते. कागदाच्या पाकिटावर सेटिंग सुचवलेलं असतं, तिथून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका.

चाचणी अशी करा. एका पानावर अकरा चौकोनांची पट्टी बनवा. आरजीबीचे तिन्ही आकडे सारखे ठेवायचे: ०, ५, १०, १५, असं ५० पर्यंत. बाजूला शुद्ध लाल, हिरवा, निळा, सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे सहा चौकोन. ही पट्टी कलर मॅनेजमेंट (रंगांची आपोआप होणारी दुरुस्ती) बंद ठेवून तीन-चार वेगवेगळ्या मीडिया सेटिंगला छापा. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने सेटिंग, क्वालिटी आणि तारीख लिहा. हे लिहायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी सगळे कागद सारखेच दिसतात आणि कष्ट वाया जातात.

पट्टी सुकल्यावर मोजा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, शून्याच्या चौकोनाचं एल. सर्वांत कमी कुठे आहे?

दुसरी, क्रम. शून्य सर्वांत गडद, मग ५, मग १०, असं एल हळूहळू वाढत जायला हवं. ५ किंवा १० चा चौकोन शून्यापेक्षा गडद निघाला, तर शून्यावर इंक गरजेपेक्षा जास्त पडतेय. कागद तेवढी पिऊ शकत नाही, ती वर साचते आणि काळा उलट उजळतो. "जास्त इंक म्हणजे जास्त काळा" हा समज इथे मोडतो.

तिसरी, कडा. भिंगाखाली चौकोनाच्या कडेने इंक पाझरलेली दिसते का, आडव्या-तिरप्या प्रकाशात तांब्यासारखी चमक येते का, गडद चौकोनात डबक्यासारखे ठिपके आहेत का?

आता समजा, एका सेटिंगला शून्याचं एल १५.८ आलं, पण ० ते १५ पर्यंतचे चारही चौकोन जवळजवळ एकच. दुसऱ्या सेटिंगला १६.५ आलं, पण प्रत्येक चौकोन वेगळा मोजता येतो. मी डोळे झाकून दुसरं सेटिंग घेते. ०.७ चा फरक कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. पदरावरची बारीक वीण दिसेनाशी झाली तर ती साडी नेसणारीला पहिल्या नजरेत कळते.

रिप सॉफ्टवेअर (ड्रायव्हरऐवजी छपाई सांभाळणारं) वापरणाऱ्यांनी याच टप्प्यावर प्रत्येक रंगाची इंक मर्यादा, लिनिअरायझेशन (रंगाच्या पायऱ्या समान अंतराने वाढतील असं करणं) आणि एकूण इंक मर्यादा ठरवायची आहे. क्रम हाच: आधी एकेका रंगाची मर्यादा, मग लिनिअरायझेशन, मग एकूण मर्यादा. एकूण मर्यादा आधी लावली तर काळ्याची खोली नेमकी कशाने गेली ते शोधता येत नाही.

> तपासणी: पुढे जाण्याआधी मीडिया सेटिंग, प्रिंट क्वालिटी, हाय स्पीड चालू की बंद, हे ड्रायव्हरमध्ये प्रीसेट म्हणून साठवा. चार्ट आणि पुढचे सगळे फोटो याच प्रीसेटने निघायला हवेत. क्वालिटी एक पायरी बदलली तरी प्रोफाइल दुसऱ्याच प्रिंटरचं होतं.

टप्पा ४ : चार्ट बनवणं

चौकोन किती, याहून ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. सगळ्या रंगांत समान वाटलेले हजार चौकोन घेतले तरी त्यांतले राखाडी रेषेजवळचे (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या बिनझाकेच्या छटांजवळचे) थोडेच असतात. त्यामुळे राखाडीचा अंदाज सॉफ्टवेअर लांबच्या रंगांवरून बांधतं आणि मधेच गुलाबी, मधेच हिरवी अशी लहर येते.

आर्गिल सीएमएस हे प्रोफाइल बनवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात हे नीट हाताळता येतं. चार्ट बनवणाऱ्या टारजेन या आज्ञेत राखाडी पायऱ्यांची संख्या वेगळी सांगता येते. राखाडी रेषेजवळ आणि गडद भागात किती भर द्यायचा, तेही ठरवता येतं. कागदाचे चार पांढरे आणि चार काळे चौकोन ते मुळातच घालतं. मी ते आठ-आठ करते, म्हणजे सरासरी भरवशाची होते. सहा इंकच्या प्रिंटरसाठी राखाडीच्या ६४ पायऱ्या आणि एकूण ८०० ते ९०० चौकोन पुरेसे होतात.

वेळ असेल तर दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत लहान चार्टवरून कच्चं प्रोफाइल बनवा. दुसऱ्या फेरीचा चार्ट त्या प्रोफाइलच्या आधाराने तयार करा, म्हणजे राखाडी चौकोन प्रिंटरच्या खऱ्या राखाडी रेषेवर पडतील. आरजीबीचे तीन आकडे सारखे ठेवल्याने प्रिंटरवर बिनझाकेचा राखाडी मिळेलच असं नसतं.

टप्पा ५ : चार्ट छापणं

चार्ट छापताना रंगांत कोणीही ढवळाढवळ करता कामा नये. फोटोशॉपमधला 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय २०१० मध्ये सीएस५ पासून काढून टाकला गेला. त्यामुळे चार्ट फोटोशॉपमधून छापू नका. अडोबीची कलर प्रिंटर युटिलिटी वापरा किंवा प्रोफाइल सॉफ्टवेअरमधूनच छापा. ड्रायव्हरमध्येही रंगदुरुस्ती बंद असल्याची खात्री करा. 'फिट टू पेज' बंद. आकार शंभर टक्के.

रंग व्यवस्थापन खरंच बंद होतं का, हे ओळखायला भिंगातून शुद्ध पिवळा चौकोन बघा. बहुतेक प्रिंटरवर त्यात फक्त पिवळे ठिपके दिसतात. मधे सायनचे किंवा मॅजेंटाचे ठिपके विखुरलेले दिसले तर कुठेतरी दुरुस्ती चालू राहिलीय. चार्ट फेकून द्या आणि पुन्हा छापा.

टप्पा ६ : सुकवणं

किमान एक तास, शक्यतो पूर्ण चोवीस तास. काळ्या चौकोनांत सर्वांत जास्त इंक असते, म्हणून तेच सर्वांत उशिरा स्थिरावतात. घाईने मोजलेल्या चार्टमध्ये बाकीचे रंग बरोबर असतात आणि नेमका काळा चुकलेला असतो. त्यामुळे कारण लवकर सापडत नाही. पावसाळ्यात चोवीस तासांत सवलत घेऊ नका.

गच्चीवर उन्हात वाळवायचा मोह टाळा. मे महिन्यात कागद दहा मिनिटांत वाकतो. हेअर ड्रायर नको, पंख्याचा थेट झोत नको, चार्ट एकावर एकही ठेवू नका. सावलीत, सपाट, मोकळा.

टप्पा ७ : मोजणी

चार्टखाली त्याच कागदाचे तीन कोरे कागद ठेवा. लाकडी टेबलावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवून मोजलं तर पातळ कागदातून खालचा रंग वर येतो. यंत्राची पांढरी टाइल कोरड्या मऊ कापडाने पुसा. आपल्याकडची धूळ तिच्यावर पटकन बसते.

काळ्या चौकोनांतून परत येणारा प्रकाश फारच थोडा असतो. एल ४ ला तो अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. तिथे यंत्राची छोटी चूकही ए-बी मूल्यांत मोठी दिसते. म्हणून चार्ट दोनदा वाचा आणि सरासरी घ्या.

खूप पांढरेशुभ्र दिसणारे कागद बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर (अतिनील प्रकाशात निळसर चमकणारं रसायन) घातलेले असतात. त्यांचं बी मूल्य चांगलंच ऋण, म्हणजे निळ्याकडे झुकलेलं येतं. यंत्रात एम१ मोजणी (अतिनीलसह दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशातली) असेल तर ती वापरा. अतिनील प्रकाश गाळणारी एम२ मोजणी तेव्हाच घ्या, जेव्हा प्रिंट अतिनील गाळणाऱ्या काचेमागे लागणार असेल. दोन्ही मोजण्यांची भेसळ करू नका.

> तपासणी: चार्टवर वेगवेगळ्या जागी पडलेल्या काळ्या चौकोनांची मोजणी आपसांत ताडून बघा. फरक डेल्टा-ई (दोन रंगांतल्या फरकाचं माप) १ च्या वर असेल तर नोझल, सुकणं किंवा वाचन यांपैकी काहीतरी बिघडलंय. इथून पुढे जाऊ नका.

टप्पा ८ : प्रोफाइल बनवताना घ्यायचे निर्णय

राखाडीचं माप कशाच्या तुलनेत? कागदाच्या पांढऱ्याच्या. कागदाचं बी मूल्य उणे ५ असेल तर फिकट राखाडीही थोडा निळसरच मोजला जायला हवा. तो ओढूनताणून शून्यावर आणलात तर पांढऱ्या कडेच्या शेजारी तो पिवळट, मळका दिसेल.

खालच्या टोकालाही हेच. वरून येणारी राखाडी रेषा शेवटी प्रिंटरच्या स्वतःच्या काळ्याकडे वळली पाहिजे. काळा निळसर असेल तर शेवटच्या काही पायऱ्या निळसर होऊ द्या. एवढ्या गडद भागात डोळ्यांना झाक जवळजवळ जाणवत नाही, पण खोली कमी झालेली जाणवते. आकड्यांत माझा नियम असा: एल ३० ते ८० मध्ये ए आणि बी अपेक्षित रेषेपासून १ च्या आत, एल २० च्या खाली २ ते ३ पर्यंत सूट. पूर्ण न्यूट्रल काळ्याचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असला तरी तो दोन्ही प्रकारे करून बघा. बहुतेक वेळा तो काळ्याची खोली कमी करतो.

रिपमधून सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) प्रोफाइल करणाऱ्यांसाठी जीसीआरचा, म्हणजे राखाडीत रंगीत इंकऐवजी काळी किती वापरायची याचा, प्रश्न येतो. काळी इंक लवकर सुरू केली तर राखाडी वेगवेगळ्या उजेडांत स्थिर राहतो. पण फिक्या काळ्या इंक नसतील तर चेहऱ्याच्या हलक्या छटांत काळे कण दिसू लागतात. तिथे काळी उशिरा सुरू करा. टोकाला फक्त काळ्या इंकवर विसंबू नका, तिच्यासोबत थोडा सायन-मॅजेंटा-पिवळा हवाच.

टप्पा ९ : पडताळणी

आता फोटो छापताना फोटोशॉपने रंग सांभाळायचे आणि ड्रायव्हरने गप्प राहायचं. दोघांनी मिळून दुरुस्ती केली की प्रिंट गडद आणि मॅजेंटाकडे झुकलेला येतो. ही दुहेरी दुरुस्ती मला आजही सर्वांत जास्त भेटते.

रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (कागदाच्या पांढऱ्याला आधार धरून रंग बसवण्याची पद्धत) वापरत असाल तर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलचा काळा कागदाच्या काळ्यावर बसवणारा पर्याय) चालू ठेवा. बंद राहिलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. मॅट कागदाचा काळा एल १६ ला थांबतो, आणि एसआरजीबी (फोटोंची नेहमीची रंगपद्धत) फाइलमध्ये एल १६ म्हणजे आरजीबी ४० च्या आसपास. म्हणजे ० ते ४० मधली प्रत्येक छटा एकाच काळ्यात बुडते. चंद्रकलेच्या सगळ्या निऱ्या त्याच पट्ट्यात असतात. ग्लॉसीवर, एल ४ ला, हीच सीमा साधारण १४ वर असते. म्हणून तिथे चूक लपून राहते आणि मॅटवर उघडी पडते.

चाचणीसाठी प्रोफाइल लावून २१ पायऱ्यांची राखाडी पट्टी छापा, सुकवा, मोजा. सोबत एक खरा फोटो. मी संक्रांतीचाच ठेवते, कारण काळ्या कापडाची वीण आणि पांढऱ्या हलव्याची गोलाई एकाच चौकटीत मिळते. ताडोबात फोटो काढणारे अस्वलाचा फोटो घेतात, तोही चांगला. केसांच्या झुपक्यांत काळ्याच्या पायऱ्या लगेच कळतात.

बघण्याचा उजेड तपासा. डी५० दिवा (छपाई तपासायचा प्रमाणित उजेड) नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी बघा. नंतर तोच प्रिंट घरच्या एलईडीखाली न्या. खिडकीत स्वच्छ दिसलेला राखाडी तिथे हिरवट किंवा तांबूस झाला तर ती प्रोफाइलची चूक समजू नका. तीन रंगांच्या मेळातून बनलेला राखाडी उजेडागणिक बदलतोच. प्रिंट एलईडीखालीच लागणार असेल आणि फोटो कृष्णधवल असेल, तर प्रिंटरचा स्वतंत्र कृष्णधवल मोड वापरून बघा. राखाडी इंक असलेल्या प्रिंटरवर तो रंगीत इंक फारच कमी वापरतो, म्हणून जास्त स्थिर राहतो.

निकाल बिघडला तर मागे कुठे जायचं

सगळा राखाडी एकाच रंगाकडे झुकला असेल तर टप्पा २ वर जा आणि नोझल बघा. राखाडीत मधेच लहर असेल तर चार्टमध्ये राखाडी चौकोन कमी पडले किंवा एखादी ओळ चुकीची वाचली गेली. काळा फिका पण राखाडी ठीक असेल तर मीडिया सेटिंग. काळा गडद पण तपशील नाही, तर आधी ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, मग इंकचं प्रमाण. आठवड्यापूर्वी ठीक होतं आणि आज बिघडलं, तर इंकची बाटली, कागदाचा लॉट किंवा हवा.

प्रोफाइल तयार झाल्यावर त्याला वरून कर्व्हची ठिगळं लावू नका. एका फोटोचा राखाडी सुधारतो आणि दुसऱ्याचा बिघडतो.

२१ पायऱ्यांची ती पट्टी जपून ठेवा आणि मागे तारीख, तापमान, आर्द्रता लिहा. नवी बाटली भरली की तीच पट्टी पुन्हा छापून मोजा. शिवाय वर्षातून दोनदा, एकदा नवतपात आणि एकदा श्रावणात. मधल्या पायऱ्यांत जुन्या मोजणीपासून डेल्टा-ई २ च्या वर फरक गेला तर आधी नोझल आणि कागद तपासा. ते ठीक असतील तर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.